म्युझियम बंद असताना घरी बसून चित्रं बघायची म्हणजे नेमकं करायचं काय

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तीन महिने बाहेर पडणं नाही, त्यात त्यांच्या शहरातलं म्युझियम दुरुस्तीसाठी बंद. लॉकडाऊनमध्ये त्यांनी जगभरच्या म्युझियमच्या व्हर्च्युअल टूर करून बघितल्या तर डोकं दुखलं आणि लक्षात काहीच राहिलं नाही. मुलगी नववीत आहे, तिला चित्रांचा नाद आहे. सासऱ्यांनाही आहे पण त्यांना आता फार कमी दिसतं. तर घरात बसून कला आणि कलेचा इतिहास एन्जॉय करता येतो का, की हे सगळं नुसतं मनाचं समाधान?

ताई, मी सत्तावीस वर्षं कलेचा इतिहास शिकवतेय आणि त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं परदेशातलं एकही म्युझियम न बघता शिकवलाय. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं असंच. लायब्ररीतली पुस्तकं, त्यात निम्मी चित्रं कृष्णधवल, आणि वर्गात पडदे ओढून स्लाइड प्रोजेक्टर. रंगांसाठी प्रसिद्ध असलेली चित्रं आम्ही करड्या रंगात शिकलो हो. आणि एक गंमत सांगते, आमच्या कॉलेजात व्हरमीर या डच चित्रकाराच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राची स्लाइड कुणीतरी कधीतरी फ्रेममध्ये उलटी बसवली होती, त्यामुळे खिडकी उजवीकडे. मी परीक्षेत लिहिलं की उजेड उजवीकडून येतो, आणि मार्कही मिळाले, कारण तपासणारे सरही तीच स्लाइड बघून तयार झालेले! खूप नंतर एका पुस्तकात खिडकी डावीकडे दिसली तर मला वाटलं पुस्तक चुकलंय.

हे सांगायचं कारण असं की घरी बसून बघणं म्हणजे नकलेवरून बघणं, आणि नकलेवरून बघण्यात कमीपणा काही नाही, जगातल्या बहुतेक लोकांनी बहुतेक चित्रं तशीच पाहिलीयत. फक्त ती नक्कल आपल्याकडून काय काढून घेते हे माहीत पाहिजे. साइज काढून घेते, पृष्ठभाग काढून घेते, रंगात लबाडी करते, कधी कधी डावं-उजवंसुद्धा करते. हे एकदा कळलं की मग ते परत मिळवायच्या युक्त्या घरातच सापडतात.

आधी व्हर्च्युअल टूरचं बघू. तुमचं डोकं दुखलं यात तुमची चूक नाही. म्युझियममध्ये निम्मं काम पाय करतात, लांबून काहीतरी दिसतं, जवळ जातो, कंटाळलो की बाकावर बसतो, परत मागे येतो. टूरमध्ये पाय नाहीत, नुसती मान गरगरते, आणि दिसतं काय तर इमारत. गुळगुळीत फरशी, छत, लांब भिंतीवर चिकटलेली पोस्टाच्या तिकिटाएवढी चित्रं. गूगलचा आर्ट प्रोजेक्ट २०११ मध्ये १७ म्युझियम घेऊन सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे त्या टूरवरच तुटून पडलो होतो, पण खरा खजिना होता तो एकेका चित्राच्या हाय रिझोल्यूशन फोटोत. म्हणून टूर सोडून द्या. म्युझियमच्या साइटवर कलेक्शन किंवा सर्च असं लिहिलेलं असतं तिथे जा आणि एकच चित्र उघडा. आठवड्याला एक. हो, एकच!

पहिलं कुठलं घ्यायचं? मी बिगरीच्या वर्गाला कायम ब्रूगल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं 'मुलांचे खेळ' देते. १५६० सालचं चित्र, व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे, लाकडी फळीवर रंगवलंय, साधारण ११८ बाय १६१ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या डायनिंग टेबलाएवढं. त्यात २०० च्या वर मुलं आहेत आणि ८० च्या वर खेळ. या म्युझियमने त्यांच्याकडच्या सगळ्या ब्रूगलच्या चित्रांसाठी 'इनसाइड ब्रूगल' नावाची वेगळी वेबसाइट केलीय, फुकट आहे, इतकं आत शिरता येतं की ब्रशचा एकेक फटकारा दिसतो, आणि त्याच चित्राचा इन्फ्रारेड आणि एक्स-रे फोटो शेजारी लावून बघता येतो.

आता हे चित्र आपल्याला का जमतं ते सांगते. खाली डाव्या कोपऱ्यात बघा, दोघी बसून सागरगोटे खेळतायत. खरंच. सागरगोट्यांच्या जागी जनावराच्या पायाची छोटी हाडं आहेत एवढंच, पण हाताची पोझिशन बघा, आजीची आठवण येईल. मग निळ्या कपड्याने डोकं झाकलेली आंधळी कोशिंबीर सापडेल. कमानीखाली भोवरे आहेत. लुटुपुटीचं लग्न चाललंय, नवरीच्या डोक्यावर मुकुट, मागे वरात. काठीचा घोडा आहे, चाक पळवणारी पोरं आहेत, उंच बांबूवर चालणारा आहे, आणि एक पोर डुकराचा मूत्राशय फुगवतंय, त्यांचा फुगा तो. एक मुलगी काठीने शेण की आणखी काही ढवळतेय, तेही आहे, ब्रूगलने काही सोडलेलं नाही.

मुलीला सांगा, माहिती वाचायची नाही, आधी एका कागदावर वीस खेळ शोधून मराठीत नावं लिहायची. मराठीत, हे मुद्दाम सांगतेय, कारण नाव देताना नीट बघावं लागतं, हा लंगडी की नुसता पडलाय? साताठ खेळांनंतर सोपं संपतं आणि मग खरं बघणं सुरू होतं. तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात येते, की एवढी सगळी मुलं खेळतायत पण हसतंय जवळजवळ कुणीच नाही. चेहरे प्रौढांसारखे, कामाला लावल्यासारखे गंभीर. का? यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिलीयत, कुणी म्हणतं ही माणसांच्या मूर्खपणावरची टीका आहे, कुणी म्हणतं ही खेळांची नोंदवही आहे. मला विचाराल तर लहान मुलं खेळताना खरंच अशीच गंभीर असतात, हसतो ते बघणारे आपण. पण तुमच्या मुलीला तिचं ठरवू द्या, लगेच गूगल करून उत्तर काढलं की मजा गेली.

झूमबद्दल एक इशारा. झूम हातात आलं की माणूस पहिल्या मिनिटाला आत घुसतो आणि परत बाहेर येतच नाही. चित्रकाराने अख्खी चौकट विचार करून बांधलेली असते. आधी पाच मिनिटं पूर्ण चित्र बघायचं, जमल्यास टीव्हीवर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, मग जवळ, मग परत लांब. पाय नाहीत तर खुर्ची सरकवा. तुमचा गुडघा बरा होईपर्यंत मुलीला टीव्ही-खुर्ची करू दे.

आता साइज. यासाठी मी जे करते त्याला विद्यार्थी आधी हसतात. मास्किंग टेप घ्या आणि भिंतीवर चित्राच्या खऱ्या मापाची चौकट चिकटवा. माप म्युझियमच्या साइटवर चित्राखाली दिलेलंच असतं. पॅरिसच्या लूव्हर म्युझियममधलं व्हरमीरचं लेस विणणारीचं चित्र आहे, ते २४ बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे ए फोर कागदापेक्षा लहान! लॅपटॉपवर जरा झूम केलं की आपण ते मूळ मापापेक्षा मोठंच बघत असतो. दूध ओतणारी बाई साधारण ४५ बाय ४१. मी ॲमस्टरडॅमच्या रिजक्सम्युझियमला पहिल्यांदा गेले तेव्हा चाळिशी उलटलेली होती आणि त्या चित्रासमोर उभी राहून माझ्या तोंडून मोठ्याने "एवढंसं?" निघालं, शेजारच्या बाईंनी वळून बघितलं. आणि त्याच म्युझियममध्ये रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच', शहररक्षकांच्या तुकडीचं चित्र, साधारण पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. त्याची चौकट फ्लॅटच्या हॉलमध्ये मावत नाही. आमच्या गल्लीत एकदा दिवाळीत मी ती रांगोळीने अंगणात काढली होती, पोरं म्हणाली मॅडम ही कसली रांगोळी, नुसता चौकोन. पण त्या चौकोनात उभं राहिल्यावर कळतं की त्यातली माणसं आपल्याएवढीच आहेत, आणि मग कॅप्टनचा पुढे आलेला हात आपल्या अंगावर येतो.

'नाइट वॉच'वर थोडं थांबते, कारण नकलेची सगळ्यात भारी गोष्ट त्यातच आहे. हे चित्र १६४२ चं. १७१५ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या टाउन हॉलमध्ये हलवलं तेव्हा जागेत बसेना, म्हणून चारी बाजूंनी कापलं. होय, कात्री नाही तर काय, कापलं! डाव्या बाजूचा मोठा पट्टा गेला, त्यात माणसं होती. ते तुकडे आजतागायत सापडलेले नाहीत. मग आपल्याला कसं कळतं तिथे काय होतं? तर खेरिट लुंडेन्स नावाच्या एका चित्रकाराने कापाकापीच्या आधी, सतराव्या शतकातच, या चित्राची छोटी नक्कल करून ठेवलेली होती. २०२१ मध्ये रिजक्सम्युझियमने त्या नकलेवरून कॉम्प्युटरला शिकवून हरवलेले पट्टे छापले आणि मूळ चित्राला चारी बाजूंनी जोडून दाखवले, आणि एकदम लक्षात आलं की कॅप्टन आणि त्याचा लेफ्टनंट हे मुळात मधोमध नव्हतेच, थोडे उजवीकडे होते, म्हणून सगळा जथा डावीकडच्या मोकळ्या जागेकडे निघालाय असं वाटायचं. कापल्यामुळे ती चालच गेली होती. ज्या नकलेला कुणी ढुंकून बघितलं नसतं तिने अस्सल वाचून दाखवला.

याच चित्राचा फोटो त्यांनी मे २०२० मध्ये, म्युझियमला टाळं असतानाच, ४४.८ गिगापिक्सेलमध्ये (एक गिगापिक्सेल म्हणजे शंभर कोटी ठिपके) टाकला, आणि जानेवारी २०२२ मध्ये ७१७ गिगापिक्सेलमध्ये, त्यासाठी ८,४३९ वेगवेगळे फोटो जोडलेत. आत जा आणि कमरेला कोंबडी लटकवलेली ती उजळ मुलगी शोधा. प्रत्यक्ष म्युझियममध्ये कठड्याबाहेर उभं राहून ही कोंबडी अशी कधीच दिसली नसती, मी दोन्ही अनुभव घेतलेत म्हणून सांगतेय. नुसतं घर वाईट आणि म्युझियम चांगलं असं नसतं.

आणि काही चित्रांच्या बाबतीत तर घरच बरोबर आणि म्युझियमच चूक. आपली लघुचित्रं घ्या. पहाडी, दख्खनी, मुघल, राजस्थानी, ही भिंतीसाठी बनलेलीच नव्हती. कापडात गुंडाळलेल्या बस्त्यात नाहीतर अल्बममध्ये ठेवायची, संध्याकाळी काढायची, हातात घेऊन दोघा-तिघांनी बघायची, पुढच्याला द्यायची. झुरिकच्या रीटबर्ग म्युझियममध्ये नैनसुख या पहाडी चित्रकाराचं एक चित्र आहे, साधारण १७४५ ते ५० मधलं, त्यात जसरोटा या पहाडी संस्थानातला बलवंत सिंह हातात चित्र धरून बघतोय आणि चित्रकार जवळच आहे. चित्र कसं बघायचं हेच त्या चित्रात दाखवलंय! आणि आपण काय करतो, तेच चित्र काचेमागे, रंग उडू नयेत म्हणून मंद केलेल्या दिव्यात, पाठीमागे गर्दी घेऊन, वाकून बघतो. त्यापेक्षा टॅब्लेट मांडीवर घ्या, चित्र खऱ्या मापाएवढं करा, वीतभर अंतरावर धरा आणि सोबत मुलीला बसवा. हे मूळ बघण्याच्या जास्त जवळचं आहे. चांगल्या कागदावर रंगीत प्रिंट काढून हातात घेतली तर आणखी छान.

नैनसुखवरून आठवलं, इतिहास पण घरबसल्याच उलगडतो कधी कधी. फार वर्षं लोक समजायचे की पहाडी चित्रांचे चित्रकार अनामिक, शैली राज्यांवरून ओळखायची, कांगडा, बसोली, गुलेर वगैरे. कलेचे इतिहासकार बी. एन. गोस्वामींनी काय केलं तर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळल्या. आपल्याकडे नाशिकला, त्र्यंबकला असतात ना, आजोबा-पणजोबांची नावं निघतात, तशाच. चित्रकार पण माणसंच, अस्थी घेऊन हरिद्वारला जाणारच, वहीत नाव-गाव-वंश लिहिणारच. त्यातून घराणीच्या घराणी सापडली आणि कळलं की शैली राज्याची कमी आणि घराण्याची जास्त असते, म्हणजे थोडंफार आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखंच. नैनसुखने स्वतः १७६३ मध्ये हरिद्वारच्या वहीत नोंद केलीय, आणि नुसती नोंद नाही, चित्रकारच तो, रेखाचित्रही काढून ठेवलंय. मुलीला सांगा, तुमच्या घराण्याची वही कुठे आहे ते आजोबांकडून काढून घे. हा कलेच्या इतिहासाचा अभ्यासच झाला.

आता आपल्या अजिंठ्याकडे येते. तुम्ही म्हणाल गुहा कुठे म्युझियम, पण सोमवारी त्यांनाही सुट्टी असते आणि तुमच्या गुडघ्याला तर रोजच. अजिंठा जगाने पहिल्यांदा घरी बसूनच पाहिला. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथे राहून नकला करत होता, त्याच्या बहुतेक सगळ्या १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे तेराएक वर्षं, थंडीच्या दिवसांत, विद्यार्थ्यांना घेऊन जात राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यातले, म्हणजे आपली मुंबईची पोरं, तेव्हा ना रस्ता ना वीज, आरशाने आणि दिव्याने उजेड पाडून नकला करतायत. त्याही लंडनला पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्याही बऱ्याच गेल्या! दोनदा. वाचलेल्या नकला आणि मूळ नोंदी यांवरून १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड निघाले. उरलेल्या नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, त्यांच्या साइटवर इंग्रजीत अजंठा आणि ग्रिफिथ्स टाका, एकेक उघडत जाते.

यावर करायचा खेळ असा, एका बाजूला नक्कल लावा, दुसऱ्या बाजूला त्याच भिंतीचा आजचा फोटो. फरक शोधा. दीडशे वर्षांत कुठे प्लास्टर गळालंय, कुठला चेहरा गेलाय हे दिसायला लागतं आणि पोटात कालवतं. इथेही नकलेतच उरलंय असं बरंच काही आहे, लुंडेन्ससारखं. पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश मारलं गेलं, पुढे १९२० च्या सुमारास निझामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवताना लाखेचा लेप दिला, आणि हे सगळं काळाबरोबर पिवळं-काळपट पडलं. म्हणजे आपण ज्याला अजिंठ्याचा तो गूढ तपकिरी रंग म्हणतो त्यात थोडं व्हार्निशही आहे. स्क्रीनवर झूम करून निदान चित्र खराब तरी होत नाही.

रंगांचा विषय निघालाच आहे तर, मोबाइलमधलं नाइट लाइट, आय कम्फर्ट जे काय असेल ते बंद करा. अर्ध्या लोकांचं ते कायम चालू असतं आणि मग सगळ्या युरोपला कावीळ झालेली दिसते. ब्राइटनेस मध्यावर. आणि एकाच चित्राचे नेटवर दहा वेगळ्या रंगांचे फोटो सापडतील, त्यात ज्या म्युझियमकडे ते चित्र आहे त्यांच्याच साइटवरचा फोटो घ्यायचा. फॉरवर्ड आलेला तर कधीच नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून लाखो फोटो वापरायला मोकळे केलेत, रिजक्सम्युझियमचेही फुकट डाउनलोड होतात, आपल्या मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गूगल आर्ट्सवर आहे, आणि भारत सरकारचं 'म्युझियम्स ऑफ इंडिया' पोर्टल आहे, ते ज्या 'जतन' सॉफ्टवेअरवर चालतं ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने केलंय.

साइटवर चित्राखाली जो बारीक टाइप असतो तो वाचायची सवय लावा, कलेचा इतिहास अर्धा तिथेच असतो. उदाहरणार्थ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला अकबरनामा, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीची सचित्र पोथी. नंबर आहे आय.एस. २-१८९६. आय.एस. म्हणजे इंडियन सेक्शन आणि १८९६ हे म्युझियममध्ये आल्याचं साल. कुणाकडून आला? एका इंग्रज अधिकाऱ्याच्या विधवेकडून विकत घेतला. त्याला कधी मिळाला? तो अवधमध्ये कमिशनर असताना, १८५८ ते १८६२ च्या दरम्यान. आता १८५७ च्या दुसऱ्या वर्षापासून अवधमध्ये काय चाललं होतं हे मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात आहेच, दोन तारखा शेजारी ठेवा आणि तिलाच विचार करू द्या.

मूर्तींचं मात्र घरी जमत नाही, हे कबूल करते. फोटोत मूर्ती मरते. पण एक करता येतं. रात्री दिवे बंद करून देवघरातला बाळकृष्ण टेबलावर ठेवा आणि मोबाइलच्या टॉर्चने एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा खालून उजेड टाका. समोरून टाकला की चपटा, बाजूने टाकला की गाल, पोट, गुडघा सगळं उठतं, खालून टाकला तर चक्क भीती वाटते. मग घारापुरीच्या सदाशिवाचे फोटो उघडा, साधारण साडेपाच-सहा मीटर उंचीची ती मूर्ती, आणि उजेड कुठून येतोय ते बघा. लेणं खोदणाऱ्याने ते ठरवलेलं असतं.

आणि घरात आधीच जे आहे ते? माळ्यावर, आजीच्या खोलीत एखादी जुनी लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर असेल. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ज्यांनी आयुष्यात तैलचित्र पाहिलं नव्हतं त्यांच्या भिंतीवर चित्र आलं. जुनी तसबीर खरी दगडी छापाची की नंतरची ऑफसेट कॉपी, हे साध्या भिंगाने कळतं. ऑफसेटमध्ये ठिपके एकसारखे, जाळी ओढल्यासारखे, छोट्या छोट्या फुलांसारखे दिसतात. दगडावरच्या छपाईत ठिपके हाताने दिलेले, वेडेवाकडे, लहानमोठे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यामुळे कडेला एखादा रंग जरा सरकलेला असतो, ओठाच्या बाहेर लाल आलेला असतो. सापडला तर मला खरंच आनंद होईल. फक्त काच ओल्या फडक्याने पुसू नका, आणि फ्रेम उघडू नका.

मुलीसाठी अजून एक. २०२० मध्ये अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने लोकांना सांगितलं होतं की घरातल्या वस्तू वापरून एखादं चित्र उभं करा आणि फोटो काढा, मूळ कल्पना डच लोकांची. आम्ही भाचीला घेऊन ती दूधवाली केली, स्टीलचं भांडं, माझी ओढणी, आणि पोळ्यांचा डबा. हसून हसून मेलो, पण उभं राहिल्यावर कळलं की दुधाची धार तेवढी बारीक ठेवायची तर श्वास रोखून धरावा लागतो. त्या चित्रातली शांतता तिथून येते बहुतेक. रिजक्सम्युझियमने २०२२ मध्ये सांगितलं की व्हरमीरने तिच्या डोक्यामागे आधी मडकी टांगायची फळी रंगवायला घेतली होती आणि मग रंगाने झाकून भिंत मोकळी सोडली. खिळे तेवढे राहिलेत भिंतीत. आम्ही मात्र मागे मिक्सर ठेवला होता.

राहिले सासरे. त्यांना विसरू नका, उलट सगळ्यात चांगलं काम त्यांच्याकडेच आहे. मुलीने चित्र बघायचं आणि आजोबांना सांगायचं, आजोबांनी प्रश्न विचारायचे. "सुंदर आहे", "भारी आहे" असले शब्द बाद. कोण कुठे उभं आहे, कशाचा उजेड, कुणाचा हात कुठे, एवढंच. वर्गात मी हे डोळे बांधून करून घेते, सांगणाऱ्याची फजिती होते कारण त्याने बघितलेलंच नसतं.

माझी आई शेवटची चार वर्षं फक्त उजेड-अंधार एवढंच ओळखायची. रविवारी फोन करून मी तिला एकेक चित्र सांगायचे. 'मुलांचे खेळ' सांगायला घेतलं तेव्हा मला ते चित्र पाठ आहे अशी माझी समजूत, वर्षानुवर्षं शिकवलेलं. सागरगोट्यांच्या त्या दोघींपर्यंत आले तर आई म्हणाली, थांब, वर उडालेला झेलतायत की खाली आहेत ते वेचतायत? मला सांगता येईना. फोन तसाच चालू ठेवला आणि लॅपटॉप शोधायला उठले.